इराणच्या राजाच्या तीन पायऱ्या

माझ्या वडिलांचं नाव रेशनकार्डावर गावाकडेच राहून गेलं होतं. ते देवळीला माझ्या कार्डात घालायचं तर तहसील कार्यालयात त्यांनी स्वतः जाऊन मशीनवर बोट टेकवायला हवं होतं. एवढंसं काम. पण ते तीन वर्षं रखडलं, कारण तहसीलच्या इमारतीला तीन पायऱ्या आहेत आणि बाबा पायऱ्या चढत नाहीत.

गुडघे दुखतात, असं ते सांगत. मीही शेजारीपाजारी तेच सांगत असे. पण रविवारी विहारात जायचं म्हटलं की तिथल्या पाच पायऱ्या हा ऐंशीच्या घरातला माणूस कठड्याला हात न लावता चढायचा. गुडघ्यांची गोष्ट खोटी होती, आणि ती खोटी आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

बाबा पस्तीस-चाळीस वर्षं गावचे कोतवाल होते. कोतवाल म्हटलं की शहरातल्या माणसाला कुणीतरी अधिकारी वाटतो. तसं काही नव्हतं. दवंडी द्यायची, तलाठ्याचं दप्तर वाहायचं, टपाल घेऊन देवळीपर्यंत पायी जायचं, कुणाला चावडीवर बोलावलं असेल तर त्याला घेऊन यायचं. आणि गावात काही घडलं की मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराच्या, घरी निरोप द्यायचा. मालगुजारी कायद्यानं जाऊन जमाना झाला होता, पण त्या घराचा ओटा होता तिथंच होता आणि ओट्याला तीन पायऱ्या होत्या. बाबा पायऱ्यांखाली उभे राहून, मान वर करून निरोप सांगत. आम्ही बौद्ध. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा बाबा दहा-बारा वर्षांचे होते. त्यानंतर घरातले देव गेले, तोंडातला जोहार गेला, मेलेली ढोरं ओढणं गेलं. पायरीचं मात्र राहून गेलं. पुढे कोतवालकी संपली, ओट्यावरचा म्हातारा गेला, ओट्याला टाइल्स लागल्या. तरी सरकारी इमारत दिसली की बाबांचे पाय पहिल्या पायरीशी थांबत, आणि आतून कुणी हाक मारेल म्हणून ते वाट बघत उभे राहत.

मला याचा फार राग यायचा. लाजही वाटायची, आता लपवून काय करू. मी देवळीच्या कनिष्ठ महाविद्यालयात इतिहासाची शिक्षिका म्हणून रुजू झाले त्या दिवशी ते नवं धोतर नेसून सोबत आले होते. आत सही झाली, पेढे वाटून झाले आणि मी बाहेर येऊन बघते तर हे पायऱ्यांखाली, सायकल स्टँडच्या बाजूला उभे. त्यांच्यासाठी मागवलेला चहा आत टेबलावर निवून गेला होता. घरी येईस्तोवर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्याला आता वीस वर्षं होतील, पण तो चहा माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की स्नेहसंमेलनात नुसते डान्स होतात, लोक नावं ठेवतात, तुम्ही इतिहासाचं काहीतरी बसवा. त्यांच्या मनात फेटे, तलवारी आणि एखादा पोवाडा असणार. मी म्हटलं, इराणच्या प्राचीन राजांचा दरबार बसवते. ते माझ्याकडे बघतच राहिले. अकरावीच्या पुस्तकात त्या राजघराण्याबद्दल थोडंसं येतं आणि मुलं ते हमखास ऑप्शनला टाकतात. मला मात्र त्या राज्यकारभाराचं पहिल्यापासून वेड आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी एका घराण्यानं सिंधू नदीपासून थेट भूमध्य समुद्रापर्यंत राज्य चालवलं. प्रांत पाडले आणि प्रत्येकावर क्षत्रप नेमला. हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांतल्या राजकारणाच्या पानावर अजूनही असतो, पण तो मूळचा तिकडचा आहे, हे मुलांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. क्षत्रपाच्या शेजारी सेनापती वेगळा, दप्तर सांभाळणारा वेगळा, म्हणजे एकट्याच्या हातात सगळं जायला नको. वरून राजाचे 'डोळे' आणि 'कान' म्हणवणारे तपासनीस न कळवता येऊन धडकायचे. राजमार्गावर ठरावीक अंतरावर ठाणी होती. तिथे ताजा घोडा आणि ताजा स्वार तयार असायचा, आणि राजाचा निरोप हातोहात पुढे जायचा.

हे सगळं मी घरी मोठ्यानं वाचून बघत होते तेव्हा बाबा दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, त्याच्या कोतवालाला घोडा होता म्हणजे? मी म्हटलं, होता. त्यांना सायकलसुद्धा नोकरी संपता संपता मिळाली होती. बराच वेळ ते शेंगा सोलत राहिले, मग वाटेत त्या स्वाराच्या जेवणाचं कोण बघायचं हेही त्यांनी विचारून घेतलं. ठाण्यावर शिधा मिळायचा, हे ऐकून त्यांचं समाधान झालं.

नाटक छोटंसं होतं. राजा सिंहासनावर बसलेला आणि प्रांताप्रांतांचे लोक भेटी घेऊन येतायत. सिंहासन उंच हवं म्हणून पुलगावच्या भंगारवाल्याकडून हिरव्या रंगाची लाकडी खोकी आणली. दारूगोळ्याची असावीत, वर काहीबाही आकडे होते. त्यांच्या तीन पायऱ्या रचल्या आणि वर सतरंजी टाकली. पायऱ्या तीनच का, चार का नाहीत, हे मी तेव्हा ठरवून केलं नव्हतं. खोकी तेवढीच मिळाली.

राजा म्हणून मी अकरावीतला सगळ्यात उंच पोरगा घेतला. सिंधूकाठच्या प्रांताची पुढारी म्हणून एक मुलगी घेतली. तिची आई शेजारच्या गावात अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरगी रोज एसटीनं येते आणि वर्गात पहिल्या बाकावर बसून माझ्या चुका काढते. त्या प्रांतातून राजाला सोन्याची भुकटी जायची. ती कुठून आणायची? मी म्हटलं, टोपलीत कापूस भर, आपल्याकडे त्यालाच पांढरं सोनं म्हणतात. पोरांना ते पटलं.

राजापुढे लोक जमिनीला कपाळ टेकवत, असं आमच्या गाइडमध्ये छापलेलं होतं. मी त्या मुलीला सांगितलं, पायऱ्यांशी गेलीस की जमिनीपर्यंत वाकून नमस्कार कर. कसा करायचा हे सांगितलं नाही. तिला जो येत होता तो तिनं केला. गुडघे टेकले, दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले, मध्ये कपाळ टेकवलं. उठली, हात जोडले, पुन्हा वाकली. पुन्हा उठली आणि तिसऱ्यांदा वाकली. इतकं सावकाश आणि मनापासून केलं की दंगा करणारी पोरं गप्प झाली. मी हॉलच्या मागच्या भिंतीशी उभी होते. तिथूनच ओरडून म्हटलं, शाब्बास, अगदी असंच करायचं.

बाबा संध्याकाळी मला न्यायला येत. म्हणजे त्यांनाच फिरायचं असे, पण ते मला न्यायला येतो म्हणत. त्या दिवशी ते हॉलच्या दाराबाहेर, नेहमीप्रमाणे पायऱ्यांखाली उभे होते आणि दार सताड उघडं होतं. घरी चहा ठेवला तर नको म्हणाले. मी दोनदा विचारल्यावर बोलले.

"ते पोट्टी राजाले बुद्धवंदना करून राह्यली होती. तीनदा. आन तू तिले शाब्बास म्हणत होती."

जन्मापासून रोज जो नमस्कार बघत आले, करत आले, तो माझ्या डोळ्यांसमोर झाला आणि मला ओळखू आला नाही. मला तो छान दिसला, स्टेजवर उठून दिसेल असा वाटला. अजून एक गोष्ट होती, आणि तीही बाबांनी सांगितली. राजा झालेल्या पोराचं नाक त्यांनी दारातूनच ओळखलं होतं. ओट्यावर बसायचं तेच नाक. पोरगा आमच्या गावच्या मालगुजाराचा पणतू होता. हजेरीपटावर त्याचं आडनाव होतं, गाव होतं. माझ्या ते लक्षात आलं नाही असं मी स्वतःला सांगितलं. की लक्षात आलं होतं आणि मला त्यात गंमत वाटली होती? खरं काय ते मलाच नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी तासाच्या आधी आली. तिनं घरी मोठ्या कौतुकानं करून दाखवलं होतं आणि आईनं तिथल्या तिथे सांगितलं होतं की हे नाटक बंद. मी तिला म्हटलं, चूक माझी आहे, आपण नमस्कार बदलू, साधा वाकून कर. ती म्हणाली, "मॅडम, मले दुसरा नमस्कार येतच नाई."

मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी दोन तोडगे काढले: मुलगी बदला, नाहीतर नाटक सोडा आणि एक समूहनृत्य घ्या. राजा म्हटला की वाकणं आलंच, कुणी वाकलंच नाही तर तो राजा कसला, असंही हसत हसत म्हणाले. माणूस वाईट नाही. त्यांच्या घरात कुणी कुणापुढे वाकलेलं नसेल, त्यामुळे त्यांना ती स्टेजवरची गंमत वाटते. मी म्हटलं, मुलगी बदलणार नाही, नाटकही सोडणार नाही. मग काय करणार, त्यांनी विचारलं. मला ते माहीत नव्हतं. पण एकदा नाही म्हटलं की मी मागे येत नाही. माझ्या सासूबाईंची सारी वर्षं माझ्या या हट्टाशी भांडण्यात गेली.

शनिवारी एसटीनं वर्धा गाठलं. माझ्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात इराणच्या राजवाड्याच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं. बी.ए.ला असताना मी ते नुसतं चाळलं होतं. आता तिथल्या डुगडुगत्या टेबलावर बसून पानापानाला वेळ दिला. राजानं दरबाराच्या जिन्याला लागून दगडात शिल्पांच्या रांगा कोरून घेतल्या आहेत. प्रांतोप्रांतीचे लोक भेटी घेऊन निघालेत. कुणाकडे उंट, कुणाकडे मेंढे, कुणाकडे भांडी. आपले सिंधूकाठचे लोकही आहेत, खांद्यावर टोपल्यांची कावड आणि सोबत एक गाढव. आणि प्रत्येक रांगेच्या पुढाऱ्याचा हात एका दरबारी माणसानं हातात धरला आहे. हात धरून त्याला राजाकडे नेतोय. मी भिंग मागून घेतलं आणि सगळ्या रांगा तपासल्या. एकही माणूस गुडघ्यावर नाही. सगळे उभे, सगळे चालतायत. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा इतक्या ठेंगण्या की पायघोळ अंगरखा घातलेल्या म्हाताऱ्यालाही दम न लागता चढता याव्यात.

मला त्या टेबलावर रडू आलं. पण मी इतिहास शिकवते, त्यामुळे पुढची पानंही उलटली. राजापुढे कपाळ टेकवत, हे बहुतेक ग्रीकांनी लिहून ठेवलंय, आणि ग्रीक त्यांचे शत्रू. पण शत्रूनं लिहिलं म्हणून खोटंच, असंही म्हणता येत नाही. त्याच राजानं दुसरीकडे एका डोंगराच्या कड्यावर स्वतःचं चित्र कोरून घेतलंय. त्यात बंडखोर जमिनीवर उताणा पडलाय, त्याच्या छातीवर राजाचा पाय आहे, आणि बाकीचे गळ्यात दोर बांधून रांगेत उभे आहेत. आणखी एका शिल्पात राजा सिंहासनावर बसलाय आणि समोर एक अधिकारी थोडा वाकून, तोंडावर हात धरून बोलतोय. मी तिन्ही चित्रांचे मोबाइलवर फोटो काढले. जिन्याचा तेवढा दाखवायचा आणि बाकीचे लपवायचे, असं करणार नव्हते.

रात्रीच्या जेवणाआधी बाबांना फोटो दाखवले. जिन्याचं चित्र त्यांनी खूप वेळ बघितलं, बोटांनी मोठं करून बघितलं. राजानं एका लेखात असंही लिहून ठेवलंय की बळकटानं दुबळ्यावर अन्याय करावा हे मला मान्य नाही. तेही सांगितलं. बाबा म्हणाले, "लिवलं ते बरोबर लिवलं. पण लिवाले सांगणारा वरच बसला होता ना."

मग तोंडावर हात धरलेल्या अधिकाऱ्याचा फोटो आला. त्यावर त्यांचं बोट थांबलं.

"ह्याले मी ओळखतो," ते म्हणाले. "माझा बाप असाच उभा राहे. श्वास लागू नोको म्हणून तोंडावर हात. मले बी तसंच शिकवलं होतं त्यानं. मी कोतवाल झालो आन पयल्याच दिवशी हात काढला. ओट्यावरचा म्हातारा पाह्यतच राह्यला. हात काढला, पण पायरी नाई चढलो. तेवढं जमलं नाई."

इतक्या वर्षांत हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, नुसती चिडत आले होते. मला वाटत होतं बाबा पायरीपाशी हरले. त्यांनी आपल्या बापानं शिकवलेली गोष्ट पहिल्याच दिवशी मोडली होती, तीही वर बसलेल्याच्या डोळ्यांत बघून, आणि त्यात त्यांचं सगळं बळ खर्च झालं होतं. त्या रात्री मला माझीच लाज वाटली.

नाटक बदललं. मुलांना तिन्ही चित्रं दाखवली आणि सांगितलं, राजा तोच आहे. आपण जिन्याचं चित्र करायचं, कारण ते त्यानं सगळ्यांनी बघावं म्हणून दारातच लावलं होतं. आता पुढारीण वाकणार नव्हती. दरबारी माणूस हात धरून तिला पायऱ्या चढवून वर नेणार होता. तिच्या आईला भेटायला मी स्वतः गेले, मोबाइलमधलं चित्र दाखवलं. तिनं ते बघितलं आणि पोरीला म्हणाली, जा मग.

आता सगळं जमलं असं वाटलं तर प्राचार्य पुन्हा आडवे आले. पोरानं पोरीचा हात धरायचा? स्टेजवर? सगळ्या गावासमोर? उद्या पालक माझ्या केबिनमध्ये असतील, मॅडम. मला हसावं की रडावं कळेना. जमिनीला कपाळ टेकवलेलं चालतं आणि हात धरलेला चालत नाही. पण त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, मी याच गावात राहते. दरबारी म्हणून म्हातारा माणूस हवा होता. ज्याचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल असा, लोकांना दारापर्यंत आणण्याची सवय असलेला.

बाबांना विचारलं तर ते उठून अंगणातच गेले. दोन दिवस त्यांनी विषय टाळला. तिसऱ्या दिवशी कपाटातून कोतवालकीचा पितळी बिल्ला काढून चिंचेनं घासत बसले, तेव्हा मला कळलं. एकच अट घातली, तोंडावर हात धरणार नाही. मी म्हटलं, चित्रात धरलाय. ते म्हणाले, चित्र दुसऱ्यानं काढलंय.

स्टेजच्या मागच्या दारानं एकही पायरी न चढता आत येता येई, बाबा तिथून येत. पण तालमीत पुन्हा तेच झालं. बाबा काठी टेकत, मुलीचा हात धरून, रुबाबात चालत येत. पायऱ्यांशी आले की हात सुटायचा. ते खाली थांबायचे आणि ती एकटी वर जायची. खालूनच मान वर करून ते निरोप सांगायचे. एकदा झालं, दोनदा झालं, रोज झालं. चौथ्या दिवशी माझा तोल गेला. पोरांसमोर म्हटलं, बाबा, भंगारातली खोकी आहेत ती. त्यांनी खोक्यांकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "खोकीच हायेत, मले काय दिसत नाई? पाय आयकत नाई."

मग मी मनात ठरवलं की त्यांना नाटकातून काढायचं नाही. खाली थांबले तर खाली थांबतील, पण जागा त्यांचीच. पोरं बाबांना आबाजी म्हणत; मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, आबाजी थांबले तर तू थांबू नकोस, वर जा, नाटक अडता कामा नये. तिनं मान हलवली नाही की हो म्हटलं नाही. राजाचंही वेगळंच दुखणं होतं. "निरोप सांग" एवढं त्याचं वाक्य, पण म्हाताऱ्या माणसाला अरेतुरे करताना त्याची जीभ अडखळायची. राजा आहेस ना, म्हणून मी त्याला रोज झापायचे.

संमेलनाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत संस्थेची मंडळी, मागे पालक, दारात उभे राहिलेले, खिडकीला लटकलेले. मुलीची आई अंगणवाडीतल्या बायांना घेऊन आली होती. उंटवाले आले, मेंढेवाले आले, सगळं बऱ्यापैकी पार पडलं. मग बाबा आले. पांढरं धोतर, छातीवर घासलेला बिल्ला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात त्या मुलीचा हात. तिच्या कमरेवर कापसानं भरलेली टोपली. मी पडद्याआड उभी होते आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं.

पायऱ्या आल्या. बाबा थांबले. मुलगी पहिली पायरी चढली. हात सुटायला हवा होता तसा सुटला नाही. ती दुसरी चढली. बाबांचा हात वर खेचला गेला, पण तिनं ओढलं नव्हतं, नुसता सोडला नव्हता. तिथे ती थांबली. मी सांगितलं होतं थांबू नकोस म्हणून, आणि ती पोरगी पाठ राजाकडे करून, आबाजींकडे तोंड करून थांबली. लोकांना तो अभिनय वाटत होता. मला वाटलं, आता पडदा पाडावा लागणार. बाबांनी काठी पहिल्या पायरीवर टेकली. बराच वेळ ती तिथेच होती. मग त्यांचा उजवा पाय वर आला. खोकं करकरलं. मग डावा आला. दुसऱ्या पायरीवर ते तिच्या शेजारी आले आणि तिसरी तिच्याआधी चढले.

वर गेल्यावर त्यांना पुढचं आठवेना. राजा आणि ते समोरासमोर, मध्ये हातभर अंतर. त्या पोराच्या तोंडून वाक्य निघालं, पण मी शिकवलं ते नव्हे. तो म्हणाला, "सांगा, आबाजी." लोक हसले. बाबा हसले नाहीत. तोंडावर हात नव्हता. गावच्या गल्ल्यांतून दवंडी देताना लावायचे तो आवाज त्यांनी लावला, आणि मी लिहून दिलेलं 'महाराज' गाळून बोलले.

"सिंधूकाठचे लोकं आले हो. उभे हायेत."

टाळ्या वाजल्या. मी मात्र टाळ्या वाजवू शकले नाही, कारण दोन्ही हातांनी पडद्याची दोरी धरली होती आणि ती ओढायची शुद्ध मला राहिली नव्हती. शेवटी एका मुलानं येऊन ती माझ्या हातातून काढून घेतली.

घरी येताना बाबांनी फक्त विचारलं की त्या सिंहासनाची खोकी पुढे काय करणार. मी म्हटलं, परत भंगारात. मग एक मागून आण, कोंबड्यांना होईल, असं त्यांनी सांगितलं. ते खोकं आता आमच्या परसात आहे आणि त्यात दोन कोंबड्या अंडी घालतात.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ते आपणहून म्हणाले, ते रेशनचं काम करून टाकू. सोमवारी मी अर्धी रजा घेतली आणि दोघं तहसीलला गेलो. रिक्षातून उतरलो. पायऱ्यांशी आल्यावर मी पिशवी उघडून कागद चाळायला लागले, कारण इतकी वर्षं माझा क्रम ठरलेला होता. त्यांना खाली उभं करायचं, आपण आत जायचं, साहेबांना विनवून बाहेर आणता येतं का बघायचं. आधार कार्ड मिळालं, जुनं रेशनकार्ड मिळालं. मान वर केली तर शेजारी बाबा नव्हते. ते वर दारात उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, आणि माझ्या पायांकडे बघत होते.

"तू काऊन थांबली खाली?" ते म्हणाले. "ये वर."